हॉटेलांतला पेला आणि आमच्या मनांतला विटाळ

आठवड्याच्या बाजाराला तालुक्याच्या गांवीं गेलेला आमचा शेतकरी बंधु बाजार उरकला म्हणजे हॉटेलांत शिरतो, बांकड्यावर बसतो, मिसळ किंवा भजीं मागवितो, वर चहा पितो आणि पैसे टाकून एस. टी. गांठतो. शेजारीं कोण बसला आहे याची तो चौकशी करीत नाहीं. मिसळीचा कट कोणाच्या हातचा हेंहि विचारीत नाहीं. घरच्या लग्नकार्यांत मात्र हाच गृहस्थ कोणाचें पान कोठें मांडावयाचें याबद्दल मांडवांत हुज्जत घालीत उभा राहतो. माणूस तोच, पोट तेंच. पण तालुक्याच्या बांकड्यावर त्याला एक न्याय आणि गांवच्या पंगतींत दुसरा. हा काय प्रकार आहे तें नीट पाहावें म्हणून हा लेख आम्हीं लिहावयास घेतला आहे.

हॉटेल हा विषय विद्वानांना क्षुद्र वाटेल. वाटो बापडा. चहाचा पेला खरोखरच क्षुद्र असता तर १८९० सालीं पुण्यांत त्यावरून एवढें रण माजलें नसतें. पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लाविला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं आणि पाहतां पाहतां ग्रामण्य उभें राहिलें. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. शंकराचार्यांकडून चौकशी झाली, प्रायश्चित्तें झालीं, वाद कित्येक महिने चघळला गेला. ज्या वर्षीं हा चहा उकळत होता त्याच वर्षीं, २८ नोव्हेंबरला, जोतीराव फुले वारले. जोतीरावांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा करून दिला होता. माळ्याच्या अंगणांत बावीस वर्षांपूर्वीं सुटलेला प्रश्न शहाण्यांच्या पेठेंत एका कपबशीपाशीं अडून बसला होता!

येथवर वाचून आमच्या वाचकांना गुदगुल्या झाल्या असतील. भटजींची फजिती ऐकण्यास आपणां सर्वांनाच गोड वाटते. पण आतां कोल्हापूरची गोष्ट ऐका, आणि ती ऐकतांना हंसूं नका.

गंगाराम कांबळे हे छत्रपति शाहू महाराजांच्या पदरीं चाकरीला होते. मराठा नोकरांसाठीं राखून ठेवलेल्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. मारणारे कोण होते? कोणी शास्त्री-पंडित नव्हते. आमच्यापैकींच होते, मराठेच होते. महाराज परगांवाहून परत येतांच गाऱ्हाणें त्यांच्या कानीं गेलें. त्यांनीं मारणारांना कडक शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास सांगितलें. गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें हॉटेल घातलें. ‘सत्यसुधारक हॉटेल’ हें त्याचें नांव. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराचा चहा कोण पिणार? तेव्हां महाराज फेरफटक्याला निघाले म्हणजे गाडी तेथें थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण, मराठा, जैन अशा सर्व मंडळींना पाजीत. राजा पितो म्हटल्यावर नाहीं कोण म्हणणार?

ही गोष्ट शाळेंत मुलांना सांगतांना आम्ही नेहमीं एका ठिकाणीं थांबतों. मुलांना महाराजांची गाडी आवडते, गाडीचे घोडे आवडतात. आम्ही त्यांना विचारतों, गाडी येईपर्यंतच्या दिवसांत गंगाराम काय करीत असतील? रोज सकाळीं शेगडी पेटवायची, दूध तापवायचें, पेले घासून पालथे मांडायचे आणि संध्याकाळीं तें दूध तसेंच घरीं न्यायचें. कोल्हापूर हें तर वेदोक्ताच्या लढ्याचें गांव. १९०२ च्या २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानांतील नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तेंच गांव. त्या हुकमाचा फायदा ज्यांना मिळाला तींच माणसें गंगारामाच्या दारावरून मान वळवून जात होतीं. महाराज ६ मे १९२२ रोजीं वारले. राजाची गाडी थांबणें बंद झाल्यावरहि त्या दारांत थांबावयास हवें होतें तें आपण.

हॉटेलांत जातीचें सोंवळें सुटण्यास व्याख्यानांपेक्षां पैशानें जास्त मदत केली हें आम्ही नाकारीत नाहीं. मुंबईचें उदाहरण घ्या. गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून गेलेला गडी गांवकीच्या खोलीवर राही आणि महिन्याच्या बोलीनें खानावळींत जेवी. ही खानावळ म्हणजे एखाद्या बाईचें चाळींतलें दहा बाय दहाचें बिऱ्हाड. ती बाई भल्या पहांटे उठून पाळ्यांप्रमाणें वीस-पंचवीस माणसांचें जेवण रांधी. उधारीवर किराणा आणी आणि पगाराच्या तारखेपर्यंत सावकाराचें व्याज सोसी. आरंभीं या खानावळीहि गांववार आणि जातवार असत. पण भुकेला पाळीची घंटा ठाऊक असते, जात ठाऊक नसते. पाळी सुटली म्हणजे ज्या दारांत ताट मिळे तेथें माणूस बसे. याच बायकांना १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. १९८२ च्या संपांत गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हां या चुलींनाहि झळ लागली. गिरणी कामगारांच्या लढ्यांवर पुष्कळ पुस्तकें आहेत. त्यांना दोन वेळां जेवूं घालणाऱ्या या बायांवर फारच थोडीं. शेजारींच इराण्याचें हॉटेल होतें. तेथें संगमरवरी टेबलाशीं बसलेल्या माणसाला त्याचें कुळ कोणी पुसत नसे, फक्त बिल पुसत.

पण पैसा बांकड्यापर्यंत नेतो, चुलीपर्यंत नेत नाहीं. हॉटेलाचे दोन भाग असतात. पुढच्या भागांत आपण बसतों. मागच्या भागांत कोणी तळतो, कोणी भाकरी थापतें, कोणी मोरीवर भांडीं घासतें. पुढच्या भागांतली जात पुष्कळ निवळली आहे. मागच्या भागांत ती अजून घट्ट बसून आहे. भांडीं घासणारी बाई कोणत्या वस्तींतली आहे आणि आचारी कोणत्या घरचा आहे हें आपापल्या तालुक्याच्या गांवीं एकदां डोळे उघडून पाहावें. आम्हीं वेगळें सांगण्याची जरुरी राहणार नाहीं. हल्लीं रस्त्याकडेच्या मोठ्या हॉटेलांवर ‘चुलीवरचें मटण’, ‘गावरान जेवण’ अशा पाट्या लागल्या आहेत. जी बाजरीची भाकरी, जो ठेचा आणि जो झुणका खाल्ल्याबद्दल आमच्या वडिलांना शहरांत ‘गांवंढळ’ म्हणत, तोच आतां काचेच्या ताटांत बसून चढ्या भावानें विकला जातो. नागपूरकडे हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचा झणझणीत सावजी रस्सा असाच नांवारूपाला आला. चांगली गोष्ट आहे. कष्टकऱ्यांच्या चवीला किंमत आली. पण भाकरी थापणारी बाई गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून दारांत चूल मांडून बसविलेली असते आणि तिची मजुरी मात्र भाकरीच्या नगावर ठरते. ताटाचा भाव वाढला, नगाचा भाव वाढला काय, हें बिल देतांना एकदां तरी विचारावें.

त्याच मागच्या भागांत आम्हां शिक्षकांना आमचीं मुलें सांपडतात, हें सांगतांना जीव कळवळतो. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना धाबे, हॉटेलें व चहाच्या दुकानांत कामाला ठेवणें कायद्यानें बंद झालें. २०१६ सालीं सर्वच धंद्यांना ही बंदी लागू झाली. तरी पटावर नांव असलेला पोरगा सुगी संपल्यावर दिसेनासा होतो आणि बाजारांत गेलें कीं टेबल पुशीत असलेला दिसतो. विचारलें तर मालक सांगतो, “गुरुजी, भाचा आहे माझा, सुटींत आलाय.” कायद्यांत घरच्या धंद्यांत शाळा सुटल्यावर मदत करण्याची मुभा आहे, त्या मुभेच्या पडद्याआड असे किती भाचे निपजले आहेत तें देव जाणे.

आतां पेल्याकडे वळूं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाहि मज्जाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें आहे. ही घटना २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आहे. पुढें १९५५ सालीं अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमांत एक बारीक गोष्ट आहे. हॉटेलांत प्रवेश देऊन भागत नाहीं. तेथें सर्वांसाठीं ठेवलेलीं भांडीं वापरण्यास अडथळा करणें हाहि गुन्हा आहे. कायदा करणारांना आपली जात बरोबर ओळखतां येत होती. आंत या म्हणायचें आणि कोपऱ्यांतल्या खिळ्याला टांगलेला कान तुटलेला कप पुढें करायचा, ही युक्ति त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. शिक्षा महिना ते सहा महिने कैद आणि शंभर ते पांचशें रुपये दंड. १९७६ सालीं पांचशें रुपये ही रक्कम होती. आज दोघांच्या मटणाच्या ताटाला तेवढे सहज पडतात. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याहून कडक आहे, पण तो एका कपासाठीं ठाण्यांत जाऊन सांगण्याची छाती किती जणांना होते?

आणि आतां तर तो वेगळा कपहि दिसत नाहीं. कां दिसत नाहीं? माणसें सुधारलीं म्हणून? आमचें मत थोडें निराळें आहे. कप गेला, कारण कागदी पेला आला. सगळ्यांनाच कागदी पेला, प्यायचा आणि चुरगळून टाकायचा. कोणाचें उष्टें कोणीं विसळायचें हा प्रश्नच उरला नाहीं. त्यामुळें विटाळ संपला असें जे म्हणतात त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं कागदी पेल्यानें विटाळ धुतला नाहीं, झांकला. ज्या दिवशीं त्याच हॉटेलांत स्टीलचे पेले एकाच बादलींत विसळून सर्वांपुढें येतील आणि कोणी कपाळाला आंठी घालणार नाहीं, त्या दिवशीं आम्ही मान्य करूं.

हॉटेलावरच्या पाटीचेंहि तसेंच. १९५७ सालीं मद्रासेंत पेरियार रामस्वामींच्या अनुयायांनीं ट्रिप्लिकेन भागांतील मुरली कॅफेसमोर दिवसचे दिवस निदर्शनें केलीं. मागणी एवढीच कीं हॉटेलाच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढा. आमच्याकडे ती पाटी आपण काढावयास लाविली नाहीं. आपण तिच्या शेजारीं आपल्या जातीची पाटी लाविली! अमक्या जातीची खानावळ, तमक्या समाजाचा ढाबा. त्यांची पाटी वाईट तर आपली चांगली कशी? मालक म्हणतात, “गुरुजी, ही मसाल्याची ओळख आहे, जातीची नव्हे.” मसाला काय पाटीवर उगवतो? कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाला कोल्हापूर हें नांव पुरतें, सोलापूरच्या शेंगाचटणीला सोलापूर पुरतें. मग मसाल्याच्या पाठीवर जात बसविण्याचें कारण काय?

‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीबद्दल आम्ही जपून बोलतों, कारण आमच्या बहुजनसमाजांतच तुळशीची माळ घातलेलीं लाखों माणसें आहेत आणि त्यांचा नेम आम्हांला पूज्य आहे. भाजी खाणें हा ज्याच्या त्याच्या ताटाचा प्रश्न. पण त्या ‘शुद्ध’ शब्दानें पलीकडचा आपोआप अशुद्ध ठरतो, तेथें आमचें बोट आहे. मार्च २०२४ मध्यें घरपोंच जेवण पोंचविणाऱ्या झोमॅटो कंपनीनें शाकाहारी गिऱ्हाइकांसाठीं हिरव्या पोषाखांतले वेगळे स्वार जाहीर केले होते. ओरड झाली, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं पोषाखाचा भेद मागें घ्यावा लागला. डबा बंद, झांकण बंद, तरी आणणाराच्या अंगावरचा रंग निराळा पाहिजे! हा नेम पोटाचा नव्हे.

हें सगळें दूरचें झालें. आतां जवळचें.

आमच्या गांवांत एस. टी. थांब्यापाशीं बौद्धवाड्यांतील एका बाईनें बचतगटाचें कर्ज काढून चहा-नाश्त्याचें लहानसें हॉटेल सुरू केलें. पत्र्याचा आडोसा, दोन बांकडीं, पाण्याचा स्वच्छ पिंप. सकाळीं सहाला चहा, आठला पोहे, बाजाराच्या दिवशीं वडे. चहा दहा रुपये. पैसे फोनवरून देण्याची चौकट भिंतीला लावलेली, म्हणजे हात हातालाहि लागावयाचा नाहीं. एस. टी. चे चालक-वाहक, बाहेरगांवचे प्रवासी, दुधाच्या गाडीवरचीं पोरें तेथें रांगेनें बसतात. वरच्या आळींतला माणूस मात्र चार पावलें पुढें जाऊन दुसऱ्या टपरीवर उभा राहतो. कारण विचारलें तर एकानें आम्हांला सांगितलें, “तिथला चहा पाणचट असतो, गुरुजी.” आम्ही म्हणालों, “पाटील, तुम्ही कधीं घेतलात?” त्यावर गृहस्थ हंसले. न पितां चहा पाणचट ठरविण्याची ही विद्या आम्हांस अध्यापक विद्यालयांत कोणीं शिकविली नाहीं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या आणि पालकांच्या नाश्त्याचें काम आम्हीं त्या बाईला दिलें. पोहे उत्तम झाले होते. मुलांनीं बशा चाटून पुसून खाल्ल्या. मोठ्या माणसांत मात्र त्या दिवशीं गांवांत एकादशी नसतांना चांगले अकरा उपवासकरी निघाले, आम्हीं मोजले. एकाला तर उपवास असल्याचें बशी हातांत आल्यावर आठवलें. हीच मंडळी त्याच बाईच्या मुलीशेजारीं आपलीं मुलें पोषण आहाराच्या पंगतींत रोज बसतात हें जाणतात आणि त्यावर चकार शब्द काढीत नाहींत, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. पण शिजविणारा हात बदलला कीं पंगतहि बिथरते. २०२१ च्या डिसेंबरांत उत्तराखंडांत चंपावत जिल्ह्यांतील एका शाळेंत दलित बाईनें रांधलेलें अन्न खाण्यास मुलांनीं नकार दिला, ती बातमी देशभर गाजली. मुलांना तो नकार कोणीं शिकविला? शाळेनें खास नव्हे.

त्या बाईशीं आम्ही बोललों. ती रडली नाहीं किंवा कोणाला शिव्याहि दिल्या नाहींत. हिशेबाची वही पुढें ठेवून ती म्हणाली, “गुरुजी, परगांवच्या गिऱ्हाइकावर हप्ता निघतो, नफा निघत नाहीं. गांवानं निम्मा चहा घेतला तरी मला पुरे.” वही आम्हीं पाहिली. एस. टी. च्या फेऱ्या ज्या दिवशीं चुकल्या त्या दिवशीं दूध उरलेलें आहे. तालुक्याला नवें बसस्थानक झाल्यावर फेऱ्या आणखी कमी होतील अशी बोलवा आहे. मग पत्रा उतरवावा लागेल, असें ती सांगत होती. आणि सांगतां सांगतां पेले पुशीत होती.

आमच्या गांवांत राजा नाहीं आणि गाडीला घोडेहि नाहींत. सरपंच आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, दूध डेअरीचे सचिव आहेत, आम्ही चार शिक्षक आहोंत, आणि जयंतीच्या मिरवणुकींत शाहू-फुले-आंबेडकरांच्या तसबिरी खांद्यावर घेणारें तरुण मंडळ आहे. या सर्वांनीं आठवड्यांतून एक दिवस, बाजाराच्या सकाळीं, सर्वांच्या देखत त्या बांकड्यावर बसून चहा घ्यावा. भाषण नको, छायाचित्र तर मुळींच नको. छायाचित्रासाठीं एकदां घेतलेला चहा त्या बाईच्या वहींत दहा रुपयेच भरतो. तरुण मंडळाच्या पोरांना आम्हीं हें सांगितलें, तेव्हां त्यांतले तिघे दुसऱ्या दिवसापासून जाऊं लागले आहेत. एकाच्या घरीं त्यावरून बोलणींहि झालीं. तो तरी जातो. सरपंचांनीं अजून कांहीं उत्तर दिलें नाहीं.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. थांब्यालगत पंचायतीनें सहा पक्के गाळे बांधले आहेत आणि येत्या महिन्यांत त्यांचा लिलाव आहे. लिलावांत जास्त बोली लावणारा जिंकतो आणि जास्त बोली कोण लावणार हें गांवाला आजच ठाऊक आहे. म्हणून एक गाळा लिलावाबाहेर ठेवून तो त्या बाईला ठरीव भाड्यानें द्यावा असा अर्ज आम्हीं व गांवच्या चाळीस जणांनीं सह्या करून दिला आहे. पोंच घेतली आहे. अर्जावर ग्रामसभेंत चर्चा व्हावयाची आहे. ग्रामसभा २६ तारखेला सकाळीं दहा वाजतां शाळेच्या पटांगणांत भरेल, आणि त्या दिवशींचा चहा कोणाकडून मागवायचा हेंहि तेव्हांच ठरेल.